वॉटी कार्सवेलच्या शेवटच्या दोन ओळी

स्कॉटलंडातल्या ग्रीनॉकात वॉटी कार्सवेलचं तोंड ठावं नसलेला माणूस नव्हता, आणि नाव ठावं असलेला शोधून काढावा लागला असता. रस्त्यात लोक थांबायचे, बोट दाखवायचे, "आरं, ह्यो तर त्यो फौजदार!" कुणी म्हणायचं फौजदार, कुणी जहाजावरचा इंजिनवाला, कुणी थडगी खणणारा. टीव्हीवर वॉटी तिसऱ्या मिनिटाला यायचा आणि पाचव्याला जायचा. नाहीतर आधीच मेलेला असायचा. चव्वेचाळीस वर्षांच्या धंद्यात तो अकरा वेळा बुडून मेला, चारदा फासावर गेला, आणि एकदा तर पलंगाखालनं त्याचे नुसते दोन पायच दिसले. पण गावानं त्या पायांचंही कौतुक केलं. दारूच्या गुत्त्यात एकजण शपथेवर म्हणाला, "पाय आपल्या फौजदाराचंच. दुसऱ्या कुणाला असं मरता येत न्हाई."

त्याचा बाप जहाजाच्या कारखान्यात रिवेटा ठोकायचा. ठोकून ठोकून त्याचे कान गेले, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलायचे. वॉटीचा आवाज असा घरातच तयार झाला. शाळेत मात्र पोरगं दगड. पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची. मास्तर चामड्याच्या पट्ट्यानं तळहात सोलायचा, पण हात सोलून अक्षरं जाग्यावर येत नाहीत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटली. पण कान असे, की रविवारी पाद्र्यानं सांगितलेलं अख्खं प्रवचन वॉटी घरी येऊन बहिऱ्या बापापुढं खणखणीत ओरडून दाखवायचा. पाद्र्याच्या खोकल्यासकट.

वाचता न येणारा माणूस नट कसा झाला, हे कोडं धंद्यात कुणाला पडलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते एकट्या एफीला. एफी नाटकघराच्या खिडकीत तिकिटं विकायची. पुढं त्याची बायको झाली. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्याची वाक्यं वाचायची, आणि वॉटी मोरीपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून मोरीपर्यंत सात पावलं, असा येरझाऱ्या घालत ती म्हणायचा. चुलीवर खिमा-बटाटा रटरटत असायचा. वॉटीचं म्हणणं होतं, वाक्य डोक्यात राहत नसतं, जिभेत राहतं. दहादा मोठ्यानं म्हटलं की जिभेला वळण पडतं. मग डोकं असो नसो.

लंडनला काम करायला गेला की तिथले साहेबलोक सांगायचे, "मिस्टर कार्सवेल, जरा आणखी स्कॉटिश बोला." वॉटी बोलायचा. "आणखी थोडं." मग वॉटी असं काही बोलायचा, की जे स्कॉटलंडात कुणाच्या बापजन्मी कुणी बोललं नव्हतं. साहेब खूश. गावी आला की लोक टोकायचे, "फौजदार, काल टीव्हीवर ती कुठली भाषा काढलीस रं? आयरिश का काय?" तिकडं पुरेसा स्कॉटिश नाही, इकडं भलताच. पण काम मिळत होतं. काम मिळतंय तोवर माणूस नट असतो.

ज्या सालची ही गोष्ट, त्या सालच्या मार्चात एफी गेली. दुखणं निघाल्यापासून सहा आठवड्यांत खेळ आटोपला. सप्टेंबरात लंडनला फौजदाराचं एक काम आलं. वाक्य एकच होतं, 'ह्या बाईंना आत घेऊन चला.' ते नऊ वेळा घ्यावं लागलं. पाचव्यांदा वॉटी 'बाई' विसरला, सातव्यांदा 'आत' विसरला. कुणी रागावलं नाही. उलट सगळे फार गोड वागले. आणि त्यानंतर लंडनचा फोन वाजला नाही.

ऑक्टोबरात गावातल्या बंदरावरच्या नाटकघराचा क्रॉफर्ड इम्री दारात आला. हा दिग्दर्शक. एडिंबराचा, तिशीतला, गळ्यात लोकरी मफलर. दरसाल नाताळला इथं सोंगाचं नाटक होतं, पँटो म्हणतात त्याला. त्यात मुख्य सोंग म्हातारीचं, आणि ते घालायचं बाप्यानं. यंदा समुद्री राक्षस आणि मॅगी धोबीण. मॅगीचं काम वॉटीनं करावं.

"तुमचा चेहरा गावाचा आहे, मिस्टर कार्सवेल," क्रॉफर्ड म्हणाला. "तोच पाहिजे मला."

सबंध नाटक म्हातारीच्या पाठीवर. दोन तास तोंडाला खळ नाही. एवढं काम वॉटीला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते नेमकं डोक्याला भोक पडल्यावर. त्यानं हिशेब साधा ठेवला. हे जमलं तर आपण नट. नाही जमलं तर एक म्हातारा, ज्याचे पाय कधीकाळी टीव्हीवर दिसले होते.

तो हो म्हणाला.

वाक्यं वाचायला आता एफीची थोरली बहीण आयझा येऊ लागली. साखरेच्या कारखान्यात तीस वर्षं पोती शिवलेली बाई, नवरा मेलेला, जीभ शाबूत. ती म्हातारीची थट्टेची वाक्यं गॅसचं बिल वाचावं तशी वाचायची.

"'अगं बाई, माझा परकर वाऱ्यानं नेला.' पुढं?"

"पुढं मला काय इचारतीस? कागूद तुझ्या हातात हाय."

"पुढं तुझं वाक्य न्हाई. त्या लेअर्डचं हाय, जमीनदाराचं. तू हसायचं म्हणून लिवलंय. हस."

वॉटी हसला.

"आसं हसलास तर लोक तिकिटं परत मागतील," आयझा म्हणाली. "एफी कशी काय ऐकून घ्यायची कुणास ठावं."

पण ती रोज यायची. दहा वेळा जिथं पुरायचं तिथं आता चाळीस वेळा लागायचं. सकाळी आलेलं दुपारी जायचं. आयझाच्या ते ध्यानात आलं होतं. तिनं स्वतःचं शिवणटिपण आणणं बंद केलं आणि दोन्ही हातांनी कागद धरून ती बसायला लागली. नोव्हेंबर सरता सरता जिभेला वळण पडलं. सगळं बसलं. राहिल्या शेवटच्या दोन ओळी.

"ह्या राहिल्या बघ," आयझा म्हणाली. "राक्षस बु—"

वॉटीनं झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला.

आयझानं हात झटकला. "माझ्या नवऱ्यानं हात लावला न्हाई कवा तोंडाला! याड लागलं काय तुला?"

"त्या ओळी बोलायच्या न्हाईत, आयझा. पहिल्या खेळाला लोकं बसल्याबिगर त्या कुणाच्या तोंडातनं भाईर पडायच्या न्हाईत. रिवाज हाय. रिकाम्या थेटरात शेवट बोलला, की सोंग बुडालं."

"मग तू शिकणार कवा?"

रिवाज त्याला जन्माचा ठाऊक होता, पण त्याची झळ त्याला कधी लागली नव्हती. कारण नाटकातला शेवटचा शब्द चव्वेचाळीस वर्षांत त्याच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. शेवट होईपर्यंत तो मेलेला असायचा. इतर नट त्या ओळी डोळ्यांनी वाचून गपचूप मनात ठेवत. तालमीत त्या जागी नुसतं 'डम डी डम' म्हणत. वॉटीला वाचता येत नव्हतं, आणि मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्याच्या जिभेवर काही चढत नव्हतं.

रात्रभर विचार करून त्यानं तोड काढली. सकाळी आयझाला म्हणाला, "उलट्या वाच. शेवटच्या शब्दापास्नं पहिल्या शब्दापातुर. उलटं बोललं म्हंजे बोललं न्हाई."

"देवाला कळत न्हाई व्हय ते?"

"देव थेटरात येत न्हाई. गप वाच."

आयझानं वाचलं. "सकाळ होवो सुखाची, मायबापहो घरी जावा. जाळ पेटला चुलीत, परतली नाव, बुडाला राक्षस." वॉटी मोरीपासून दारापर्यंत सात पावलं चालत म्हणत राहिला. सकाळ होवो सुखाची. दोनेकशे वेळा म्हटलं असेल. ऐन वेळी सुलटं करायचं, त्यात काय. तरुणपणी त्यानं अख्खी भांडणं उलटसुलट करून हॉटेलात पोरांना हसवलं होतं.

पहिला खेळ डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी दुपारी. सातशे खुर्च्या भरलेल्या. मिठाई चघळणारी पोरं, ओल्या कोटांचा वास, पहिल्या रांगेत कारखान्यातनं काढून टाकलेले बापे. वॉटी परकर सावरत आत आला आणि गावानं छप्पर उडवलं. दोन तास तो नदीसारखा वाहिला. लेअर्डचं काम करणारा रॅब गोर्ली, वॉटीचा तीस वर्षांचा दोस्त, विंगेत येऊन म्हणाला, "तुझ्या मारी, म्हातारे! आज पेटलीस की!"

मग शेवट आला. राक्षस बुडाला, गाणं झालं, सगळे ओळीनं उभे राहिले. वॉटी पुढं आला. हात पसरले.

"सकाळ होवो सुखाची, मायबापहो…"

थांबला. हे नव्हे. सुलटं करायचं म्हणून तो मागं वळला, तर मागं काही नव्हतंच. जिथं ओळ असायला हवी तिथं धुतलेली पाटी. बाजूच्या अंधारात मॉर्व्हेन स्ट्रँग बसलेली. ती खेळाचं पुस्तक सांभाळायची, नट अडला की शब्द द्यायची. तिनं पहिला शब्द दिला. पुन्हा दिला. वॉटीच्या कानात नुसता बापाचा हातोडा वाजत होता. त्याचे हात आपोआप खिशाकडं गेले. हा खिसा चाचपला, तो चाचपला. परकर उचलून खाली बघितलं. मग खोट्या छातीत हात घालून खरोखर शोधू लागला.

आणि लोक हसले. आधी पोरं, मग बापे, मग सगळं नाटकघर. रॅब पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय गं म्हातारे, काय हरवलं?" मग मुका घेतल्यासारखं करून त्यानं त्याच्या कानात ओळी सोडल्या, आणि वॉटीनं त्या पोपटासारख्या म्हटल्या.

"राक्षस बुडाला, नाव परतली, चुलीत पेटला जाळ, जावा घरी, मायबापहो, सुखाची होवो सकाळ!"

पडदा पडला. वॉटी जाग्यावर उभा. घामानं रंग ओघळलेला. आता क्रॉफर्ड येईल, गोड बोलेल आणि हाकलेल, ह्याची त्याला खात्री होती.

क्रॉफर्ड पळतच आला. "मिस्टर कार्सवेल! ते शोधणं! छातीत शोधणं! आधी का नाही सांगितलंत? रोज करायचं. दोन्ही खेळांना. आणखी वाढवा."

वॉटीनं तोंड उघडलं. खरं सांगायला एक श्वास पुरला असता. तो श्वास त्यानं गिळला.

झालं. रोज दोन खेळ, आणि दोन्ही खेळांना वॉटी विसरायचा. एक मिनिटाचं विसरणं तीन मिनिटांचं झालं. कपड्यांच्या टोपलीत शोधायचं, रॅबच्या टोपीत शोधायचं. चौथ्या दिवसापासून पोरं खालनं ओरडून ओळी सांगू लागली. वर्तमानपत्रात छापून आलं, की म्हातारीचं विसरणं बघण्यासाठी तरी जा. आयझानं ते त्याला वाचून दाखवलं, गॅसचं बिल वाचावं तसंच, आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

"आता तरी सांग त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू? गाव हसतंय."

"कुणाला हसतंय?"

वॉटी बेकरीत रोल घ्यायला गेला तर बाई म्हणायची, "कशाला आलास ते ध्यानात हाय का, वॉटी?" अख्खी रांग खदखदायची. बसवाला म्हणायचा, "कुटं उतरायचं ते मी सांगतो, बस निवांत." गावाला आता त्याचं नाव पाठ झालं होतं. आणि वॉटीला खरोखरच कधीकधी बेकरीत कशाला आलो ते आठवायचं नाही.

रोज ऐकून ऐकून नाताळपर्यंत ओळी त्याला चांगल्या येऊ लागल्या होत्या. म्हणजे येत असताना न येण्याचं सोंग करायचं, मग आणायच्या. हे जमत होतं. हे तर त्याच्या हातचं काम. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एके दुपारी त्यानं सोंग केलं, टोपलीत शोधलं, टोपीत शोधलं, आता आणू म्हणून जिभेकडं गेला, तर जीभ कोरी. लोक तसेच हसत होते. त्याच जागी, तेवढंच. आपण सोंग कुठं संपवलं आणि खरं कुठं सुरू झालं, हे वॉटीला सांगता आलं नसतं. पोरांनी ओरडून सांगितलं, त्यानं ऐकून म्हटलं. त्या दिवशी विसरणं सहा मिनिटं चाललं. क्रॉफर्डनं पाठ थोपटली.

मॉर्व्हेन रोज खेळ झाला की तक्ता भरायची. खेळ किती वाजता सुरू झाला, कुठं अडला, कुणी काय चुकलं, सगळं त्यात. त्या दिवशी तिनं बराच वेळ पेन धरलं आणि लिहिलं, 'विसरण्याचा विनोद, सहा मिनिटं.'

शेवटचा आठवडा सुरू व्हायच्या आधीचा शनिवार. दुपारचा खेळ. दुसऱ्याच प्रवेशात, धोब्याच्या टबाशी, वॉटी थांबला. हातात ओली चादर. समोर रॅब, लेअर्डच्या झग्यात, वाक्याची वाट बघत. मॉर्व्हेननं दोनदा शब्द दिला. रॅबनं दिला. शब्द कानावर पडत होते आणि घरंगळून खाली जात होते. सातशे माणसं एकदम हसली. अगं बाई, आज लवकरच विसरली!

वॉटीनं चादर खाली ठेवली. पुढं आला. बायकी आवाज टाकून आपल्या आवाजात म्हणाला, "पोरांनो, मला खरंच आठवत न्हाई."

नाटकघर कोसळलं. लोक खुर्चीच्या पाठी बडवत हसू लागले. एक म्हातारा डोळे पुसत होता.

"खरंच सांगतो," वॉटी म्हणाला. "देवाशपथ. काय करायचं हुतं ते मला ठावं न्हाई."

आणखी हसू. मग वरच्या मजल्यावरनं पोरांनी सुरुवात केली आणि सगळं घर एका सुरात ओरडलं, "राक्षस बुडाला, नाव परतली!" राक्षस अजून आलाही नव्हता. वॉटी त्या आवाजापुढं उभा राहिला. इतकी माणसं त्याला एवढ्या मायेनं कधीच हसली नव्हती, आणि त्यातल्या एकालाही तो सांगतोय ते ऐकू येत नव्हतं. बापाशी बोलताना निदान ओरडलं की कळायचं. रॅबनं त्याला दंडाला धरलं, "चल गं, तुला पोलिसात देतो," म्हणत ओढत विंगेत नेलं. मध्यंतर दहा मिनिटं आधीच झालं.

मॉर्व्हेनच्या लहान टेबलावर दिवा जळत होता. वॉटी परकर सावरून तिच्यापुढं स्टुलावर बसला.

"काय लिवतीस?"

"आजून काय न्हाई लिवलं, वॉटी."

"लिव, नट वाक्य इसरला. पुढचं काम त्याच्यानं हुणार न्हाई."

मॉर्व्हेननं पेन खाली ठेवलं. "वॉटी, आसं लिवलं की सोमवारी त्यो कागद क्रॉफर्डकडं जातो, तिथनं मालकांकडं. मग तुला कुणी…"

"मला ठावं हाय कागद कुटं जातो."

"एकच आठवडा राहिलाय. मी विनोद म्हणून लिवते. कुणाला कळणार न्हाई."

"त्येच तर," वॉटी म्हणाला. "कुणालाच कळंना. चाळीस दिस झालं, मी सगळ्यांच्या देखत बुडतोय आन टाळ्या पडत्यात. कुटंतरी एका कागदावर तरी खरं आसू दे."

मॉर्व्हेननं लिहिलं. वॉटी त्या मुंग्यांकडं बघत राहिला.

"वाच."

"तुलाच दाखवते की, हे बघ…"

"मला वाचाय येत न्हाई, मॉर्व्हेन. कवाच येत नव्हतं. वाच."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग वाचलं. "'अंक पहिला, प्रवेश दुसरा. वॉल्टर कार्सवेल वाक्य विसरले. शब्द तीनदा दिला, उपयोग झाला नाही. पुढचं काम करता येणार नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं.'"

"बराबर हाय," वॉटी म्हणाला.

म्हातारीचं काम अडलं तर रॅबनं करायचं असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. लेअर्डची वाक्यं छाटून टाकली. रंगाच्या खोलीत वॉटीनं स्वतःच्या हातानं त्याला परकर नेसवला, खोटी छाती बांधली.

"जरा ढिली कर रं, जीव जाईल," रॅब म्हणाला.

"ढिली केली तर नाचताना पोटावर येईल. हूक खालनं ओढ, वरनं न्हाई. आन टबापाशी डाव्या पायावर जोर देऊ नगंस, फळी हलती."

"वॉटी…"

"जा. घंटा झाली."

आयझा कोट घेऊन आली होती. वॉटी साबणानं तोंड धूत राहिला. भिंतीवरच्या कर्ण्यातनं रंगमंचावरचा आवाज येत होता. रॅब आत गेला आणि टाळ्या पडल्या. तोच झगा, तोच टोप, तोंडावर बोटभर रंग. म्हातारी बदलली हे लोकांना कळलं नसावं. पहिल्या थट्टेला हशा आला, दुसरीला आला, परकराच्या वाक्याला तर दणदणीत आला.

वॉटी टॉवेल हातात घेऊन ऐकत उभा राहिला.

"घाई केली," तो म्हणाला. "परकर म्हणायच्या आधी थांबायला पायजे हुतं. आणखी मोठा हशा हुता तिथं."

"चल," आयझा म्हणाली. "बस जाईल."

तिनं कोटाची बाही धरली. वॉटीनं त्यात हात घातला.